कोणी, कोणाला? वाचाघातानंतरच्या आकलनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण सोलापूरचं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना इथे अण्णा म्हणू. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. अण्णांच्या बोलण्यातल्या आणि समजण्यातल्या चुका मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण प्रकरण उभं आहे ते त्या चुकांवर.

अण्णांनी नुकतीच साठी ओलांडली होती. टेरी टॉवेल विणणारा छोटा कारखाना, दोन मुलगे त्यात, लेक सोलापुरातच दिलेली. घर पद्मशाली, म्हणजे मूळच्या तेलुगू भाषक विणकर समाजातलं, त्यामुळे घरात तेलुगू. शाळा मराठी, कामगार आणि गिऱ्हाईक मराठी, सुताच्या व्यापाऱ्यांशी हिंदी. शहराच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. बोलता बोलता एका वाक्यात दोन भाषा येऊन जातात आणि बोलणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीत गुठळी अडकली होती. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालू लागले, वाचा गेली. पक्षाघाताचा झटका आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना वाचाघात होतो, म्हणजे भाषा बोलण्याची, समजण्याची, वाचण्या-लिहिण्याची क्षमता कमीजास्त बिघडते. बुद्धी बहुधा शाबूत असते, माणसं ओळखता येतात. बिघडते ती भाषा.

सात आठवड्यांनी मुलांनी त्यांना वाचा-उपचारांसाठी माझ्याकडे आणलं. "सकाळपासून काय काय केलं, अण्णा?" असं विचारल्यावर उत्तर आलं: "चहा… पोरं… कारखाना… सूत… नाही." प्रत्येक शब्दाआधी कपाळाला आठी, डाव्या हाताची मूठ आवळलेली. नामं येत होती, क्रियापदं जवळजवळ नव्हती, आणि 'ने', 'ला', 'चा' हे प्रत्यय तर गळूनच गेले होते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णावरून मेंदूच्या पुढच्या भागाचा बोलण्याशी संबंध दाखवला, तो रुग्ण जवळजवळ 'टॅन' एवढाच उच्चार करू शकत असे. अण्णांचा वाचाघात त्याच जातीचा, पण पुष्कळ सौम्य.

थोरला मुलगा म्हणाला, "मॅडम, कळतंय की त्यांना सगळं. बोलता येईना एवढंच."

मी नेहमीसारखं तपासलं. डोळे मिटा. डावा हात वर करा. चष्मा कुठाय? दगड पाण्यात बुडतो का? अण्णांनी एकही चूक केली नाही. केसपेपरवर मी लिहिलं: "आकलन ठीक." या दोन शब्दांनी पुढे जो घोळ केला त्याची जबाबदारी माझी आहे.

अडचण कशी उघडी पडली

तिसऱ्या आठवड्यात लेक सोबत आली आणि घरातली एक गोष्ट सहज बोलून गेली. थोरल्याला ताप आला होता. धाकट्याने त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. शेजारच्या मावशींनी अण्णांना मराठीत सांगितलं, "थोरल्याला धाकट्याने दवाखान्यात नेलं." त्या दिवसापासून अण्णा रोज संध्याकाळी धाकट्याला जवळ बोलवत आणि डाव्या हाताचा पंजा त्याच्या कपाळावर ठेवून बघत. थोरला समोर अंगावर शाल घेऊन बसलेला असला तरी.

"वय झालं, विसरतात," असं घरच्यांना वाटत होतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण विसरणाऱ्या माणसाची चूक रोज वेगळी होते. अण्णांची चूक रोज तीच होती, आणि ती एका वाक्यातून निघाली होती.

'थोरल्याला धाकट्याने नेलं' या वाक्यात नेलं कोणाला आणि नेणारा कोण, हे फक्त 'ला' आणि 'ने' सांगतात. शब्दांचा क्रम उलटा आहे, आणि अर्थ दोन्ही बाजूंनी शक्य आहे, कारण कोणताही भाऊ कोणत्याही भावाला दवाखान्यात नेऊ शकतो. क्रियापदही काही सांगत नाही. शाळेत आपण कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग घोकले. हा भावे प्रयोग. 'मुलाने मुलीला ढकललं', 'मुलीने मुलाला ढकललं', दोन्हींत 'ढकललं' तेच. क्रियापद ना कर्त्याकडे बघतं ना कर्माकडे. सगळा भार त्या दोन प्रत्ययांवर, आणि अण्णांच्या बोलण्यातून नेमके तेच गळाले होते. ऐकतानाही ते गळत असतील, ही शंका मला पहिल्याच दिवशी यायला हवी होती. कोणी काही सांगितलं की ज्याचं नाव आधी कानावर पडेल तो करणारा, असा अण्णांचा मेंदू धरून चालत होता.

माझ्या पहिल्या तपासणीत हे का दिसलं नाही? कारण त्या वाक्यांना व्याकरण लागतच नव्हतं. 'दगड', 'पाणी', 'बुडणं' हे तीन शब्द ओळखता आले की उत्तर मिळतं. १९७६ मध्ये कॅरामाझा आणि झुरिफ या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं होतं. ब्रोका प्रकारच्या वाचाघातात 'मुलगा जे सफरचंद खातोय ते लाल आहे' अशी वाक्यं लोकांना कळतात, कारण सफरचंद मुलाला खात नाही. 'मुलगा जिचा पाठलाग करतोय ती मुलगी उंच आहे' यात मात्र कोण कोणाच्या मागे हे शब्दांवरून ओळखता येत नाही, आणि तिथे ते गडबडतात. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

पुढच्या खेपेला पेन्सिलने साधी चित्रं काढून नेली. एका चित्रात मुलगा मुलीला ढकलतोय, दुसऱ्यात मुलगी मुलाला. मी वाक्य म्हणायचं, अण्णांनी चित्रावर बोट ठेवायचं. प्रत्येक प्रकारची १२ वाक्यं, दोन दिवसांत विभागून. 'मुलीने मुलाला ढकललं', म्हणजे कर्ता आधी, सगळी बरोबर. 'मुलीला मुलाने ढकललं', म्हणजे कर्म आधी, फक्त ३ बरोबर. नुसता अंदाज केला असता तरी ६ च्या आसपास आली असती. तीनच आली, म्हणजे अण्णा अंदाज करत नव्हते. ठाम नियमाने चुकत होते.

मग 'मुलीला मुलगा ढकलतो' अशी वर्तमानकाळाची वाक्यं घेतली. क्रम तोच उलटा, पण शेवटी 'तो' आहे, आणि तो 'तो' मुलाकडे बोट दाखवतो. इथे ८ बरोबर आली. एका प्रत्ययाने एवढा फरक पडलेला बघून मी आणि लेक एकमेकींकडे बघत राहिलो.

कागद

याच सुमारास थोरला माझ्याकडे वेगळ्या कामासाठी आला. त्याच्या हातात दोन मसुदे होते. एक मुखत्यारपत्र: बँकेचं कर्जखातं आणि सुताची देणी मुलांनी सांभाळायची. दुसरं बक्षीसपत्र: अण्णांच्या नावचा कारखान्याचा गाळा धाकट्याच्या नावे, आणि बदल्यात धाकट्याने थोरल्याला ठरलेली रक्कम द्यायची अशी घरातली बोली. अण्णांना वाचून दाखवलं होतं, त्यांनी मान डोलावली होती. वकिलांनी मात्र वाचा गेलेल्या माणसाची मान पुरेशी धरली नाही आणि डॉक्टरांचं पत्र मागितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. माझ्या केसपेपरवर तर लिहिलेलंच होतं: आकलन ठीक.

घरात भांडण नव्हतं, हे इथे सांगायला हवं. दोघे भाऊ समंजस होते आणि कर्जाचा हप्ता थांबला तर कारखाना बंद पडणार होता. घाई खरी होती.

मसुदा मी वाचला. 'लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस…' अशी पानभर वाक्यं. 'यांनी' कोण, 'यांस' कोण, हेच ज्याला उमगत नाही त्या माणसाने या कागदावर अंगठा द्यायचा होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२ सांगतं की करार करताना माणसाला तो समजला पाहिजे आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल याचा विचार करता आला पाहिजे. अण्णांना विचार करता येत होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. कागद त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

कोणते पर्याय होते

पत्र देऊन टाकणं सगळ्यात सोपं होतं. अण्णा माणसं, पैसे, कारखाना ओळखतात हे खरं होतंच. पण माझ्या चित्रांनी जे दाखवलं होतं ते दडपून सही करणं मला शक्य नव्हतं.

'यांना समजत नाही' असं लिहून मोकळं होणं हा दुसरा मार्ग. माझ्या दृष्टीने तो जास्त घातक. एकदा असा शिक्का बसला की घरात कोणी त्या माणसाला काही विचारत नाही. जेवायला काय हवं इथपासून सगळं दुसरेच ठरवतात. मी अशी घरं पाहिली आहेत.

तिसरा मार्ग लांबचा: कागदातला मजकूर अण्णांना झेपेल अशा रूपात मांडायचा, तो उलटसुलट तपासायचा, आणि मगच जे दिसेल ते लिहायचं. यात एक प्रश्न अडला होता. कोणत्या भाषेत?

मला तेलुगू येत नाही. आतापर्यंत सगळं मराठीत चाललं होतं, आणि कारखान्याचे व्यवहार मराठीतच होत असल्याने ते योग्यही वाटत होतं. दोन भाषा असलेल्या माणसाच्या वाचाघातात कोणती भाषा आधी परत येते यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद आहे. फ्रान्सच्या रिबो यांचं मत पडलं की सगळ्यात आधी शिकलेली टिकते. १८९५ मध्ये पित्र यांनी मांडलं की झटक्याच्या वेळी जी सर्वांत सरावाची ती आधी येते. मॉन्ट्रियलच्या मिशेल पाराडी यांनी पुढे दाखवलं की दोन्ही बरोबरीने परतणं, एक पुढे एक मागे राहणं, एक अजिबात न परतणं, सगळे प्रकार घडतात. म्हणून प्रत्येक भाषेत तपासल्याशिवाय काही म्हणू नये. मी एकाच भाषेत तपासलं होतं.

काय केलं

आधी थोरल्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की पहिल्या दिवशीची माझी नोंद अपुरी होती आणि आज मी पत्र देणार नाही. तो चिडला. "तुम्हीच लिहिलंय की ठीक म्हणून!" त्याचं बरोबर होतं. मी त्याला अण्णांसमोर नेलं आणि चित्रं दाखवत तीच वाक्यं त्याच्या तोंडून म्हणायला लावली. 'मुलीला मुलाने ढकललं' म्हटल्यावर वडील शांतपणे चुकीच्या चित्रावर बोट ठेवतात हे त्याने सलग पाच वेळा पाहिलं. सहावं वाक्य त्याने म्हटलं नाही.

मग लेकीने तीच वाक्यं घरच्या तेलुगूत तयार केली. क्रम उलटा, कर्म आधी, भूतकाळ. १२ पैकी ९ बरोबर. कारण शोधताना तिच्याकडूनच कळलं: तेलुगूत भूतकाळातही क्रियापद करणाऱ्याप्रमाणे बदलतं. पुरुषाने ढकललं तर पुस्तकी तेलुगूत 'नेट्टाडु', बाईने ढकललं तर 'नेट्टिंदि'. घरच्या बोलीत रूपं थोडी निराळी होतात, पण पुरुषाचा शेवट वेगळा तो वेगळाच. मराठीच्या भावे प्रयोगात जो इशारा मिळत नाही तो तिथे वाक्याच्या टोकाला मिळतो. एलिझाबेथ बेट्स आणि ब्रायन मॅकविनी यांनी १९८० च्या दशकात अनेक भाषांची तुलना करून मांडलं होतं की ऐकणारा आपल्या भाषेतल्या सगळ्यात भरवशाच्या खुणेवर विसंबतो. कुठे ती खूण शब्दक्रम असते, कुठे प्रत्यय, कुठे क्रियापदाचा शेवट. अण्णांच्या डोक्यात दोन भाषांच्या खुणा शेजारी शेजारी होत्या, आणि एका भाषेतली खूण थोडी जास्त शाबूत होती. अर्थात ती घरची, आईच्या तोंडची भाषा होती, वाचणारी लेक होती, हेही त्या नऊमध्ये धरायला हवं.

पण भाऊ-भावाच्या व्यवहारात हा इशाराही उपयोगाचा नव्हता. दोघेही पुरुष, क्रियापदाचा शेवट एकच. त्यामुळे भाषा तेलुगू घेतली तरी वाक्यांची घडण बदलणं भाग होतं. नियम असे ठरवले: करणारा नेहमी आधी, काळ वर्तमान, एका वाक्यात एकच देवाणघेवाण, आणि प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत. सोबत वस्तू. दोन्ही मुलांचे फोटो, गाळ्याचा फोटो, एक किल्ली, नोटांची जुडी. 'थोरला किल्ली देतो' म्हटलं की अण्णांनी किल्ली उचलून थोरल्याच्या फोटोपासून पुढे सरकवायची. मान डोलावणं उत्तर म्हणून धरायचं नाही. प्रत्येक वाक्यामागे त्याचं उलटं खोटं वाक्यही विचारायचं, आणि तिथे 'नाही'चं कार्ड उचललं तरच पहिलं 'हो' खरं मानायचं. हे तीन वेगळ्या दिवशी केलं, दोन्ही भाऊ खोलीबाहेर ठेवून.

पहिल्या दिवशी सरावच झाला. दुसऱ्या दिवशी बँकेचा भाग स्वच्छ निघाला: मुलगे बँकेत जातात, सही करतात, हप्ता भरतात. अण्णांनी पासबुकाचा फोटो स्वतः दोन्ही मुलांच्या फोटोंच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "दोघं. दोघं." ठसक्यात.

गाळ्यावर आलो. "अण्णा गाळा देतात. धाकटा गाळा घेतो." लेकीने तेलुगूत म्हटलं. अण्णा फोटोकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. मला ते आश्चर्य वाटलं. या मजकुराला त्यांनी महिन्याभरापूर्वी मान डोलावली होती. त्यांनी गाळ्याचा फोटो उचलला, धाकट्यापासून दूर नेला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. "माझा," म्हणाले. "धोटा… माझा. उद्या." धोटा म्हणजे मागावर आडवं सूत नेणारा. खोटं वाक्य विचारलं, 'अण्णा गाळा ठेवतात?' डावा हात 'हो'वर पडला. तिसऱ्या दिवशीही तेच.

लेक रडली. मलाही भरून आलं. झटका आल्यापासून घरात सगळे त्यांच्या मानेच्या हालचालीला होकार समजत होते, आणि ते आपल्याच गाळ्याबद्दल काय चाललंय हे पहिल्यांदा ऐकत होते.

निष्पत्ती

मी पत्र दिलं, पण त्यात 'समजतं' किंवा 'समजत नाही' असा शेरा नव्हता. कोणत्या रूपात मांडल्यावर काय समजलं, कोणत्या रूपात नाही, प्रत्येक वाक्याला काय उत्तर आलं, एवढंच लिहिलं. निर्णय डॉक्टर आणि वकिलांचा. वकिलांनी सगळे व्यवहार सोपवणाऱ्या कुलमुखत्यारपत्राऐवजी फक्त बँक आणि देण्यांपुरतं खास मुखत्यारपत्र केलं, दोन्ही मुलांच्या नावे. नोंदणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना अण्णांनी कार्ड उचलून उत्तरं दिली. बक्षीसपत्र बाजूला ठेवलं गेलं. धाकटा काही दिवस नाराज होता. थोरल्याने त्याची समजूत काढली, त्यात माझा हात नाही.

उपचारात आम्ही 'कोणी?' आणि 'कोणाला?' या दोन प्रश्नांवर बसलो. 'ने' निळ्या चिठ्ठीवर, 'ला' लाल. वाक्याचे तुकडे कापून टेबलावर कुठल्याही क्रमाने मांडायचे आणि अण्णांनी निळी चिठ्ठी लागलेला माणूस शोधायचा. वाक्यं कारखान्यातली: 'कामगाराने मुकादमाला कांडी दिली', 'मुकादमाला कामगाराने कांडी दिली'. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघाला तोवर उलट्या क्रमाची मराठी वाक्यं १२ पैकी ९ पर्यंत आली होती. बोलण्यातही 'ने' दिसू लागला, कधी चुकीच्या माणसाला चिकटून. 'ज्याने… त्याला' अशी जोडवाक्यं मात्र अजून पेलत नाहीत.

आज हेच प्रकरण आलं तर

पहिल्या तासातच उलटी वाक्यं विचारीन. चार चित्रं आणि दहा मिनिटं पुरली असती. आता माझ्या केसपेपरवर 'आकलन ठीक' हे शब्द लिहिले जात नाहीत. कोणत्या प्रकारची वाक्यं कळली ते लिहिते.

तेलुगू पहिल्याच आठवड्यात आणीन. सुरुवातीचे तीन महिने मेंदू आपोआप सर्वांत जास्त सावरतो, आणि त्यातले पाच आठवडे मी फक्त माझ्या सोयीच्या भाषेत घालवले.

एक गोष्ट अजून टोचते. लेक दुभाषी होती आणि वारसही. ती प्रामाणिक होती, पण व्यवहाराच्या प्रश्नांना तिला बसवणं चूकच. तिच्या आवाजातला चढउतार अण्णांना उत्तर सुचवत असेल तर मला तेलुगू येत नसल्याने ते कळलंही नसतं. तेलुगू येणारी परकी व्यक्ती शोधायला सोलापुरात किती वेळ लागला असता? अर्धा दिवसही नाही. गाळ्याचा भाग आम्ही पुढे अशाच एका शिक्षिकेकडून पुन्हा तपासून घेतला. उत्तर तेच आलं, पण ते आधी व्हायला हवं होतं.

भावांना बाहेर ठेवलं ते ठीक होतं. पण ज्या दिवशी शंका आली त्याच दिवशी दोघांना एकत्र बोलवायला हवं होतं. थोरल्याला आधी कळलं आणि धाकट्याला त्याच्याकडून. त्यात धाकट्याचा समज झाला की आम्ही सगळ्यांनी मिळून अण्णांना गाळा देऊ नका असं शिकवलं.

बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांकडेच आहे. अण्णांनी धाकट्याला द्यायचं की नाही हे अजून ठरवलेलं नाही. दर महिन्याच्या एका रविवारी तिन्ही मुलं फोटो आणि किल्ली घेऊन बसतात आणि एकेक वाक्य पुन्हा मांडतात. पुढचा रविवार अण्णांनी कालनिर्णयवर डाव्या हाताने गोल करून ठेवला आहे.